सॉफ्टवेअर नंतर घे, आधी ग्रुप आवर

अरे, विजयनगरात को-वर्किंगसाठी, म्हणजे वेगवेगळ्या लोकांना कामाला टेबलं भाड्याने द्यायला, वीस टेबलांची जागा घेतलीस, छान केलंस. पण पहिल्याच महिन्यात नेक्सुडस नाहीतर कोबॉट असल्या, अशा जागा सांभाळायच्या सॉफ्टवेअरची वर्गणी भरू नकोस. वीस जणांची बिलं एका शीटमध्ये मावतात. मीटिंगरूमचं वेगळं गूगल कॅलेंडर कर, सगळ्यांना दिसू दे. आमच्याकडे आधी दारावर वही टांगलेली असायची. एकदा अकराच्या खणात दोन नावं, दोन वेगळ्या पेनांनी. दोघांचेही क्लायंट पोहे-जिलबीच्या प्लेटा धरून जिन्यात उभे!

खरी डोकेदुखी गप्पांची. एकच ग्रुप असला की ‘नेट बंद आहे’ हा निरोप गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो. व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटी कर, म्हणजे एकाच छत्रीखाली वेगवेगळे ग्रुप. सूचनांच्या ग्रुपात फक्त अ‍ॅडमिन लिहितो. कामधंदा आणि टवाळकी वेगवेगळी ठेव. स्लॅक हे ऑफिसातल्या गप्पांचं अ‍ॅप सुटसुटीत आहे, पण फुकटात 90 दिवसांपलीकडचे निरोप दिसत नाहीत. म्हणून जागेचे नियम तिथे नकोत. एका डॉक्युमेंटमध्ये लिही आणि त्याचा क्यूआर चहाच्या मशीनवर चिकटव. तिथे प्रत्येक जण जातोच.

आणि नव्या मेंबरकडून दोन ओळी मागच: काय करतो, काय हवंय. राजेंद्रनगरच्या आमच्या एका अनुवादक ताईंना तेवढ्यावर शेजारच्याच टेबलाचं काम मिळालं.