वाचकांचे प्रश्न : रग्बी लीगचे मैदान कधी भरते, कधी रिकामे राहते?

प्रश्न : ऑस्ट्रेलियातील नॅशनल रग्बी लीगचे, म्हणजे एनआरएलचे, सामने मी नियमितपणे दूरचित्रवाणीवर पाहतो. सिडनीच्या भव्य स्टेडियममध्ये नावाजलेले संघ खेळत असतानाही निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या दिसतात, ब्रिस्बेनमध्ये मात्र साध्या साखळी सामन्यालाही मोठी गर्दी असते. हा फरक कशामुळे पडतो?

उत्तर : या फरकाचे पहिले कारण खेळाच्या दर्जात नाही, नकाशात आहे. रग्बी लीग हा तेरा-तेरा खेळाडूंचा रग्बीचा प्रकार, आणि त्यातल्या आजच्या एनआरएलचे मूळ १९०८ साली सुरू झालेल्या सिडनीच्या स्पर्धेत आहे आणि ती स्पर्धा उपनगरांमधली होती. त्यामुळे आजही सतरा संघांपैकी नऊ संघ सिडनी आणि तिच्या परिसरातले आहेत. साउथ सिडनी, पॅरामॅटा, पेनरिथ, मॅन्ली, क्रोनुला अशी प्रत्येकाची आपापली वस्ती आणि आपापले पाठीराखे आहेत, पण शहर एकच असल्याने एकाच शनिवार-रविवारी दोन-तीन सामने त्याच शहरातल्या प्रेक्षकांकडे डोळे लावून बसतात. ब्रिस्बेन ब्रॉन्कोज हा क्लब १९८८ साली स्पर्धेत आला आणि नव्वदच्या दशकातला एक अल्पजीवी प्रतिस्पर्धी सोडला, तर २०२३ साली डॉल्फिन्स येईपर्यंत शहरात त्याला वाटेकरी नव्हता. साऱ्या शहराची ओढ एकाच फाटकातून आत येत असेल, तर संघ सुमार खेळला तरी मैदान ओस पडत नाही.

दुसरे कारण मैदानाच्या जागेचे आणि आकाराचे आहे. सिडनीचे स्टेडियम ऑस्ट्रेलिया २००० च्या ऑलिम्पिकसाठी बांधले गेले आणि आज त्यात ऐंशी हजारांवर लोक बसू शकतात. अंतिम सामन्याला ते शोभते. साखळी सामन्याला पंधरा हजार माणसे आली, तर तीच माणसे तिथे विखुरल्यासारखी दिसतात. याउलट लायकार्ट ओव्हल हे शहराच्या आतल्या पश्चिम भागातले जुने मैदान पाहा. आजूबाजूच्या गल्ल्यांतून लोक चालत येतात, गवताच्या उतारावर मुलाबाळांसह बसतात आणि तेवढ्याच पंधरा हजारांत मैदान भरून वाहते. ब्रिस्बेनचे लँग पार्क, म्हणजेच सनकॉर्प स्टेडियम, आकाराने या दोन्हींच्या मधोमध बसते. क्षमता सुमारे ५२,५००, शहराच्या मध्यभागापासून चालत जाता येईल इतके अंतर, आणि सामन्याच्या तिकिटातच बस व रेल्वेचा प्रवास समाविष्ट. गाडी कुठे लावायची, हा प्रश्नच तिथे उरत नाही.

आकाराचा परिणाम केवळ दिसण्यापुरता नसतो. मैदान लहान असले आणि तिकिटे संपण्याची धास्ती असली, की लोक आधीच तिकीट काढून ठेवतात. एकदा पैसे खर्च झाले, की पावसाची भुरभुर किंवा संध्याकाळचा कंटाळा त्यांना सहसा अडवत नाही. ऐंशी हजारांच्या मैदानात तिकीट केव्हाही मिळणार हे ठाऊक असल्याने निर्णय शेवटच्या दिवसावर ढकलला जातो, आणि शेवटच्या दिवशी घरी थांबायला एखादे कारण नेहमीच सापडते. माझ्या मते सिडनीच्या क्लबांनी मोठ्या स्टेडियमच्या मोहात हीच गोष्ट दीर्घकाळ दुर्लक्षित केली. २०१९ साली पॅरामॅटात तीस हजार क्षमतेचे नवे स्टेडियम उघडले, आणि ते या क्लबांच्या मापाला कितीतरी अधिक जुळणारे आहे.

आपण सामना पडद्यावर पाहता, म्हणून एक सावधगिरीची सूचना. मुख्य कॅमेरा बहुधा मुख्य छताखाली असतो आणि तो समोरची, उन्हाची बाजू दाखवतो. दुपारच्या सामन्यात प्रेक्षक सावलीच्या बाजूला, म्हणजे कॅमेऱ्याच्या खाली आणि मागे बसलेले असू शकतात.

प्रश्न : संघ जिंकू लागला की गर्दी वाढते, इतके सोपे उत्तर देता येणार नाही का?

उत्तर : जिंकल्याने गर्दी वाढते हे खरे आहे, परंतु किती वाढते आणि केव्हा वाढते, याचे उत्तर गावागणिक बदलते. क्रीडा-अर्थशास्त्रात १९५६ पासून, म्हणजे सायमन रॉटेनबर्ग यांच्या बेसबॉलवरील लेखापासून, असा विचार मांडला जातो की निकाल आधीच ठरल्यासारखा वाटला तर लोक येईनासे होतात. म्हणून संघांमध्ये बरोबरी राखली पाहिजे. ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगने १९९० साली खेळाडूंच्या पगारांवर मर्यादा घातली, तिच्यामागेही अंशतः हाच विचार होता. एका-एका सामन्याच्या बाबतीत मात्र हा सिद्धांत मला पुरेसा पटत नाही. घरच्या मैदानावर येणाऱ्या बहुसंख्य माणसांना चुरस हवी असते, हे अर्धसत्य आहे. त्यांना आपला संघ जिंकलेला हवा असतो, आणि थोडी चुरस त्याबरोबर मिळाली तर हवी असते. चुरशीचे खरे महत्त्व हंगामाच्या पातळीवर आहे. ऑगस्ट महिन्यात आपला संघ बाद फेरीच्या शर्यतीत आहे की नाही, यावर उरलेल्या घरच्या सामन्यांची गर्दी बरीच अवलंबून असते.

न्यूकॅसल नाइट्स या संघाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. सिडनीच्या उत्तरेला असलेल्या या कोळशाच्या बंदराच्या शहरात एनआरएलचा हा एकच क्लब आहे. २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षे तो तळाला राहिला, आणि २०१६ च्या संपूर्ण हंगामात त्याने केवळ एक सामना जिंकला. तरीही लोकांनी मैदानाकडे पाठ फिरवली नाही, आणि गुणतक्त्यात वर असलेल्या सिडनीच्या काही क्लबांना हेवा वाटावा इतकी माणसे तिथे येत राहिली. याच्या उलट टोकाला मेलबर्न स्टॉर्म आहे. १९९८ साली स्पर्धेत उतरलेल्या या संघाने दुसऱ्याच वर्षी विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर तो जवळजवळ सतत अग्रक्रमात आहे. पण मेलबर्न हे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचे शहर आहे. तिथे हिवाळ्यातला शनिवार पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या खेळाच्या नावावर लिहिलेला असतो, आणि कितीही विजेतेपदे जिंकली तरी ती सवय सहजी मोडत नाही.

विजयाचा परिणाम उशिराही दिसतो. आजकाल क्लबांच्या प्रेक्षकसंख्येचा मोठा हिस्सा हंगामी सदस्यांचा असतो आणि ही सदस्यत्वे हंगाम सुरू होण्यापूर्वी विकली जातात. साहजिकच या वर्षीची गर्दी बऱ्याच अंशी गेल्या वर्षीच्या कामगिरीचे फळ असते. न्यूझीलंड वॉरियर्स हा संघ महासाथीमुळे २०२० पासून ऑस्ट्रेलियात मुक्काम ठोकून होता आणि जुलै २०२२ मध्ये ऑकलंडला परतला. २०२३ मध्ये घरच्या मैदानावर पूर्ण हंगाम खेळताना त्याने थेट अंतिम फेरीच्या उंबरठ्यापर्यंत मजल मारली आणि त्यानंतरच्या वर्षी ऑकलंडच्या माउंट स्मार्ट मैदानाची तिकिटे मिळणे अवघड झाले. इथे विरह आणि विजय ही दोन्ही कारणे एकत्र आली होती, त्यामुळे त्यांचा वाटा वेगळा काढणे शक्य नाही.

कधीकधी विजयाचा परिणाम आकड्यांत उमटूच शकत नाही. पेनरिथ पँथर्सने २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदे मिळवली, पण त्यांच्या मैदानात सुमारे बावीस हजार माणसेच मावत होती. मागणी तीस हजारांची असली तरी नोंद बावीस हजारांचीच होणार.

प्रश्न : सगळेच सामने घरबसल्या दिसू लागल्यावर मैदानात कोण जाणार?

उत्तर : थेट प्रक्षेपणामुळे काही प्रेक्षक घरी राहतात, विशेषतः लांबून येणारे आणि पाहुण्या संघाचे. इंग्लंडमधील याच खेळाच्या सुपर लीग या अव्वल स्पर्धेत २०२४ पासून प्रत्येक सामना पाहण्याची सोय झाली आहे, म्हणून हा प्रश्न तिथे अधिकच चर्चेत असतो. मात्र माझ्या समजुतीप्रमाणे प्रक्षेपणापेक्षा त्यासाठी बदललेले वेळापत्रक मैदानाला जास्त महागात पडते. एनआरएलने २००७ ते २०१६ या काळात सोमवारी रात्री सामने खेळवले. वाहिनीला सोमवारची रात्र हवी होती. कामावरून दमून आलेल्या आणि मंगळवारी पहाटे उठणाऱ्या माणसाला ती नको होती. हे सामने बंद झाल्यावरही गुरुवारची रात्र राहिली आणि शुक्रवारचा संध्याकाळी सहाचा सामना हे नवे दुखणे आले. शुक्रवारी सहाला मैदानात पोहोचायचे, तर सिडनीच्या रहदारीत साडेतीनलाच कचेरी सोडावी लागते, आणि मुलांना घेऊन यायचे असेल तर तो बेत मुळातच बारगळतो.

मग संघटना हे का स्वीकारतात? कारण सरळ आहे. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांसाठी एनआरएलचा प्रक्षेपण करार सुमारे १.८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता, आणि तिकीट खिडकीवरची तूट या रकमेपुढे किरकोळ ठरते. तरीही रिकाम्या मैदानातला सामना पडद्यावरही फिका पडतो, ही गोष्ट वाहिन्यांनाही कळते. म्हणूनच प्रेक्षकसंख्येला केवळ तिकिटाच्या पैशांत मोजणे चुकीचे आहे. सुपर लीगमध्ये क्लबांना वरच्या श्रेणीत ठेवताना आता जे गुणांकन केले जाते, त्यातही प्रेक्षकसंख्या हा एक निकष आहे.

प्रश्न : हवामानाचा आणि तिकिटाच्या दराचा कितपत परिणाम होतो?

उत्तर : पावसाचा परिणाम होतो, पण तो प्रामुख्याने ऐन वेळी तिकीट काढणाऱ्यांवर. थंडीचा परिणाम अधिक चिवट असतो. कॅनबेरातील जुलैच्या रात्री उघड्या बाकावर ऐंशी मिनिटे बसणे हे निष्ठेचे काम आहे. इंग्लंडमध्ये सुपर लीग १९९६ साली सुरू झाली, तेव्हा संपूर्ण खेळच हिवाळ्यातून उन्हाळ्यात नेण्यात आला. त्यामुळे चिखल आणि गारठा टळला आणि फुटबॉलच्या हंगामाशी होणारी टक्करही कमी झाली. त्याच वेळी नाताळच्या सुटीतील पारंपरिक स्थानिक लढती मुख्य स्पर्धेतून गेल्या, आणि त्या लढती वर्षातल्या मोठ्या गर्दीच्या असत. गुड फ्रायडेच्या लढती मात्र टिकल्या आहेत. विगन विरुद्ध सेंट हेलेन्स किंवा हल शहरातील दोन क्लबांची झुंज या दिवशी असली, की हवामानाची चौकशी फारसे कोणी करत नाही. सुटीचा दिवस, शेजारचा वैरी आणि दोन्हीकडचे पाठीराखे सहज पोहोचतील इतके अंतर, या तिन्ही गोष्टी तिथे जुळतात.

तिकिटाचा दर त्या मानाने दुय्यम आहे. कुटुंबाच्या खर्चात प्रवास, गाडी लावण्याचे पैसे आणि खाणेपिणे मिळून तिकिटाइतकाच वाटा असतो. फुकट तिकिटे वाटणे तर दुधारी आहे. ज्याने काही मोजलेले नाही त्याला न येण्याचे दुःख नसते, आणि ज्याने वर्षाचे पैसे आधीच भरले आहेत तो पुढच्या वर्षी विचार करतो.

प्रश्न : या खेळात आजवरची सर्वांत मोठी गर्दी कोणत्या सामन्याला झाली?

उत्तर : नोंदीप्रमाणे १९९९ च्या एनआरएल अंतिम सामन्याला. मेलबर्न स्टॉर्म आणि सेंट जॉर्ज इलावारा यांच्यातील या सामन्याला नव्याने उघडलेल्या स्टेडियम ऑस्ट्रेलियात १,०७,९९९ प्रेक्षक होते. ऑलिम्पिकपूर्वी त्या मैदानाची क्षमता आजच्यापेक्षा बरीच जास्त होती, त्यामुळे आज तिथे हा आकडा गाठता येणार नाही.

मला स्वतःला त्याहून उद्बोधक वाटते ती ५ मे १९५४ ची इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डची संध्याकाळ. चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत वॉरिंग्टन आणि हॅलिफॅक्स यांच्यात लंडनच्या वेम्बलीवर ४-४ अशी बरोबरी झाली होती, म्हणून फेरसामना ब्रॅडफर्डच्या ओड्सल मैदानावर ठेवण्यात आला. तो बुधवार होता. ओड्सल हे कचरा टाकण्याच्या जागी घडवलेले खोलगट मैदान, आणि प्रेक्षकांसाठी बहुतांश उतारावरच्या उभ्याच्या जागा. हॅलिफॅक्स अगदी शेजारी, तर वॉरिंग्टनचे लोक पेनाइन डोंगर ओलांडून येत होते. रस्ते तुंबले, सामना सुरू झाल्यानंतरही माणसे येतच राहिली आणि कुंपणे मोडून आत शिरली. अधिकृत नोंद १,०२,५६९ ची आहे. प्रत्यक्षात याहून बरेच अधिक लोक होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वॉरिंग्टनने सामना ८-४ असा जिंकला. खेळाच्या दृष्टीने तो काही नेत्रदीपक नव्हता. परंतु अपुरा राहिलेला निकाल, गिरणीतून सुटल्यावर गाठता येईल असे मैदान आणि घरोघरी दूरचित्रवाणी संच नसण्याचा तो काळ, एवढ्यावर लाखाची गर्दी उभी राहिली.

प्रश्न : जाहीर होणारा आकडा विश्वासार्ह असतो का?

उत्तर : तो कशाचा आकडा आहे, हे पाहून ठरवावे. फाटकातून प्रत्यक्ष आत आलेली माणसे, विकली गेलेली तिकिटे आणि न आलेल्या हंगामी सदस्यांसह केलेली बेरीज, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातमीत बहुधा केवळ ‘प्रेक्षकसंख्या’ एवढेच छापले जाते. एकाच क्लबच्या दोन हंगामांची तुलना करणे त्यातल्या त्यात सुरक्षित आहे. दोन देशांतील क्लबांची तुलना करायची असल्यास मोजणीची पद्धत आधी विचारावी, आणि मैदान किती टक्के भरले तेही सोबत पाहावे.