जपा, जास्वंद आणि हिबिस्कस

प्रश्न असा आहे: ‘आयुर्वेदावरच्या एका इंग्रजी लेखाचं मराठी भाषांतर करतो आहे. त्यात हिबिस्कसचे गुण सांगताना भावप्रकाश या जुन्या वैद्यकग्रंथातला “जपा संग्राहिणी केश्या” हा चरण दिला आहे. जपा म्हणजे जास्वंदच ना? संग्राहिणी म्हणजे तिच्यामुळे संग्रहणी होते, असं समजायचं का? आणि लेखाच्या शेवटी हिबिस्कस टी आला आहे, त्याला जास्वंदीचा चहा म्हणू की जास्वंदाचा?’

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे चुकलं तर वाचणाऱ्याच्या पोटात भलतंच औषध जाईल. त्या चहाला जास्वंदीचा म्हणू नका आणि जास्वंदाचाही म्हणू नका. हिबिस्कस टी या नावाने जे जगभर विकलं जातं ते बहुतेक वेळा लाल अंबाडीचं असतं, म्हणजे हिबिस्कस सबदरिफाचं. त्यात फुलाच्या पाकळ्याही नसतात. फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती जो लाल, मांसल, आंबट संवर्त (म्हणजे कळीला झाकणारं बाहेरचं आवरण) वाढतो, तो वाळवून त्याचा चहा करतात. जास्वंद म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. दोघी एकाच प्रजातीतल्या, पण झाडं वेगळी, वापरायचा भाग वेगळा आणि चवही वेगळी.

घोळ होतो तो हिबिस्कस हे एका झाडाचं नाव समजल्यामुळे. ते अख्ख्या प्रजातीचं नाव आहे आणि तिच्यात शेकडो जाती मोडतात. जास्वंद, अंबाडी, लाल अंबाडी या सगळ्या हिबिस्कस. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली आपल्या भेंडीलाही हिबिस्कसमध्येच बसवलं होतं, पुढे तिला वेगळी प्रजाती मिळाली. मराठीत या सगळ्या गोतावळ्याला भेंडी कुल म्हणतात आणि ते नाव मला फार नेमकं वाटतं. पानं किंवा फुलं पाण्यात चुरली की येणारा बुळबुळीतपणा या कुळातल्या कितीतरी झाडांत सापडतो. वैद्यकात त्याला पिच्छिल गुण म्हणतात. जास्वंदीच्या पानांनी केस धुतात ते या बुळबुळीतपणामुळेच.

आता जपा. होय, निघंटूंच्या, म्हणजे औषधी द्रव्यांच्या जुन्या कोशांच्या परंपरेत जपा म्हणजे जास्वंद. अमरकोशात जपापुष्प आणि ओड्रपुष्प ही नावं शेजारी-शेजारी येतात. ओड्र म्हणजे आजचा ओडिशा, तेव्हा संस्कृत नाव त्या बाजूला बोट दाखवतं. लिनियसचं रोझा-सायनेन्सिस म्हणजे ‘चीनचा गुलाब’. नावं देणाऱ्यांनी एकाच फुलाला दोन देश दिले. कालिदासाला मेघदूतात संध्याकाळच्या लालीसाठी ताज्या जपापुष्पाचीच उपमा सुचली, आणि नवग्रहस्तोत्रातलं ‘जपाकुसुमसंकाशम्’ तर पाठ असणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींना हे जपाला लागणारं फूल वाटतं. तसं नाही. जप वेगळा, जपा वेगळी. इथे सूर्याचा रंग सांगितला आहे.

संस्कृतातच या शब्दाचं जवा असंही रूप आहे. दोन स्वरांमधल्या प-चा व होणं आपल्याला ओळखीचं आहे: दीप–दिवा, कपाट–कवाड, नापित–न्हावी. बंगालीत जवा हेच रूप रोजच्या वापरात आहे. तेलुगू आणि ओडियात मात्र जास्वंदीला मंदार म्हणतात, आणि भाषांतर करणाऱ्याने इथे फार जपून राहायला हवं. मराठीत मंदार म्हणजे रुई, विशेषतः पांढरी रुई. अमरकोशातही मंदार हे नाव रुईच्या पर्यायांत आहे आणि पांगाऱ्याच्या पर्यायांतही. रुईचा चीक विषारी असतो. तेलुगू पुस्तकातली मंदाराची कृती नाव तसंच ठेवून मराठीत आणली, तर काय होईल ते सांगायला नको.

भावप्रकाशाच्या पुष्पवर्गात जपेबद्दल दोनच गुण आहेत आणि दोन्ही शब्द थांबून पाहण्यासारखे आहेत.

केश्या. केसांना हितकर ती केश्या. पाणिनीचं ‘शरीरावयवाद्यत्’ असं सूत्र आहे: शरीराच्या अवयवाच्या नावाला ‘य’ लागला की ‘त्याला हितकर’ असा अर्थ निघतो. कंठाला हितकर ते कंठ्य, हृदयाला हितकर ते हृद्य. व्याकरणात कंठ्य म्हणजे कंठातून उच्चारला जाणारा वर्ण, आणि मराठीत आपण हृद्य सोहळा म्हणतो तेव्हा मनाला भिडणारा. वैद्यकात हेच शब्द औषधाचा गुण सांगतात. म्हणून ‘केश्या’चं भाषांतर ‘केस वाढवणारी’ असं करू नका. शब्द हितकर एवढंच सांगतो. केस किती वाढतील, गळायचे कधी थांबतील, याचं वचन त्यात नाही. उंदरांवर काही प्रयोग झाले आहेत, पण माणसांवरचा भक्कम पुरावा थोडाच आहे. तेव्हा मूळ शब्दाचा संयम भाषांतरातही टिकवावा.

राजनिघंटू एक पाऊल पुढे जातो आणि जपा इंद्रलुप्त घालवते असं म्हणतो. इंद्रलुप्ताला मराठीत अस्सल शब्द आहे, चाई. डोक्यावर किंवा दाढीत गोल चट्टा पडून तिथले केस जातात, त्याला चाई पडणं म्हणतात. ‘टक्कल’ लिहिलंत तर अर्थ सैल होईल, ‘केसगळती’ लिहिलंत तर पारच बदलेल. सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्ताला खालित्य असंही म्हटलं आहे, म्हणून संदर्भ पाहूनच शब्द निवडावा. केस पिकणं ते पालित्य, ते निराळं.

संग्राहिणी या शब्दावर तुम्ही अडलात हे बरं झालं. अर्थ तुम्हाला वाटतो त्याच्या जवळपास उलट आहे. सम् + ग्रह् म्हणजे एकत्र धरणं, सुटू न देणं. पातळ होऊन जाणारा मल जी बांधून धरते ती संग्राहिणी. संग्रहणी हे रोगाचं नाव याच धातूवरून आलं, पण वाट वेगळी. चरकाने ग्रहणी हे अवयवाचं नाव दिलं आहे. ती अन्नाचं ग्रहण करते, पचेपर्यंत धरून ठेवते, म्हणून ग्रहणी. ती बिघडली की होणाऱ्या रोगालाही तेच नाव मिळालं, आणि मराठीत जुनाट हगवणीला संग्रहणी म्हणू लागले. म्हणजे संग्रहणी हा रोग आणि संग्राहिणी हा गुण. एक काना आणि एक वेलांटी एवढ्या फरकाने औषधावर दुखण्याचा आळ येतो. मराठीत लिहिताना ‘ग्राही’ किंवा सरळ ‘मल बांधणारी’ म्हणा, गैरसमजाला जागाच उरणार नाही.

शार्ङ्गधर या जुन्या वैद्यक-ग्रंथकाराने ग्राही आणि स्तंभन यांत फरक केला आहे, तो भाषांतरात पुसला जातो. उष्णपणामुळे द्रव शोषून घेतं ते ग्राही, त्याचं उदाहरण सुंठ. थंड, रुक्ष आणि तुरट असल्यामुळे थोपवून धरतं ते स्तंभन, त्याचं उदाहरण कुडा. जपेबद्दल ग्रंथांचं एकमत नाही. राजनिघंटू तिला तिखट आणि उष्ण म्हणतो, तर अलीकडची द्रव्यगुणाची, म्हणजे औषधी द्रव्यांचे गुण सांगणारी पुस्तकं तुरट आणि शीत. तुमच्या लेखात कोणता ग्रंथ धरला आहे ते पाहा आणि तोच शब्द ठेवा. दोन्हींसाठी ‘जुलाब थांबवणारी’ लिहून मोकळं होऊ नका.

लेखात तेलाची कृती असेल तर ‘उकळणे’ टाळा. वैद्यकातला शब्द तेल सिद्ध करणे. वाटलेली फुलं म्हणजे कल्क, पिळून काढलेला रस म्हणजे स्वरस. सर्वसाधारण प्रमाण कल्काच्या चौपट तेल आणि तेलाच्या चौपट द्रव. मंद आचेवर पाण्याचा अंश आटतो. मग कल्काची बोटांत वात वळता येते, ती विस्तवावर धरली तर तडतडत नाही आणि तेलावर फेस येतो. तुपात याच वेळी फेस बसतो. इतका बारकावा ‘उकळणे’त मावत नाही.

आणखी एक शब्द तुमच्या वाटेत येऊ शकतो: पुष्पिणी. गर्भ राहू नये म्हणून पुष्पिणीने जपाकुसुम कांजीत वाटून तीन दिवस खावं, सोबत जुना गूळ घ्यावा, असा एक श्लोक जुन्या ग्रंथांत येतो. इथे पुष्प म्हणजे रज आणि पुष्पिणी म्हणजे रजस्वला. ‘फुलं धारण करणारी’ असं भाषांतर झालं तर श्लोक निरर्थक होतो. या उपायावर गर्भनिरोधक म्हणून कुणी विसंबू नये. पण गर्भवतीने किंवा मूल हवं असणाऱ्या स्त्रीने जास्वंद पोटात घेऊ नये, ही सूचना भाषांतरात ठळक ठेवा. लाल अंबाडीच्या चहाने रक्तदाब काहीसा उतरतो असं अभ्यासांत दिसलं आहे, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी तो नेमाने घेण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. या दोन सूचना दोन वेगळ्या झाडांच्या आहेत. ‘हिबिस्कस’ या एका शब्दाखाली त्या एकत्र होऊ देऊ नका.

राहिलं जास्वंदीचं की जास्वंदाचं. जास्वंद स्त्रीलिंगी. भिंत–भिंतीचा, विहीर–विहिरीचं, तसं जास्वंद–जास्वंदीचं. या सामान्यरूपामुळे जास्वंदी हाच मूळ शब्द आहे असं वाटू लागतं, आणि आता तेही रूप रुळलं आहे. फुलासाठी बोलताना पुष्कळ जण नपुंसकलिंगी ‘जास्वंदाचं फूल’ म्हणतात, कानाला ते खटकतही नाही. लिखाणात मी जास्वंद आणि जास्वंदीचं फूल हीच जोडी वापरेन. जासवंद हे जुनं लेखन अवतरणात आलं तर तसंच राहू द्या. आणि लेखाच्या शेवटी लिहा: लाल अंबाडीचा चहा.