वाचकांचे प्रश्न : कामगारांनी देह दिले, त्यातून काय कळले?

प्रश्न : अमेरिकेतील अण्वस्त्र कारखान्यांत काम केलेल्या काही कामगारांनी, अंगात गेलेल्या प्लुटोनियमचा अभ्यास व्हावा म्हणून मृत्यूनंतर आपले शरीर देऊ केले, असे वाचनात आले. शरीरातील प्लुटोनियम जिवंतपणीच लघवी तपासून समजत असेल, तर त्यासाठी मृतदेहाची गरज का पडावी?

उत्तर : लघवीत मोजले जाते ते शरीराबाहेर पडलेले प्लुटोनियम. आत किती उरले, हा त्यावरून बांधलेला अंदाज असतो आणि तो फारच नाजूक असतो. प्लुटोनियम रक्तात शिरले की त्याचा मोठा भाग यकृतात आणि हाडांवर जाऊन बसतो. काही वर्षांनी दिवसभराच्या लघवीतून त्या साठ्याचा जेमतेम एक लाखावा भाग बाहेर येतो. या एवढ्याशा अंशाला गुणून संपूर्ण शरीरातील साठा ठरवायचा, म्हणजे मूळ मोजणीतील किंवा सूत्रातील चूकही त्याच पटीने वाढत जाते. बाहेरून उपकरण लावून मोजावे, तर अण्वस्त्रांत वापरल्या जाणाऱ्या प्लुटोनियम-२३९ मधून निघणारा अल्फा कण (किरणोत्साराचा एक प्रकार) ऊतींमध्ये कागदाच्या जाडीच्या निम्मेही अंतर कापत नाही. त्यामुळे तो शरीराबाहेर येण्याचा प्रश्नच नसतो, आणि त्याच्यासोबत निघणारे क्ष-किरण इतके क्षीण असतात की तेही बहुतांशी वाटेतच शोषले जातात.

हा अंदाज खरा की खोटा, हे प्रत्यक्ष अवयव तपासल्याशिवाय ठरत नाही. याच हेतूने १९६८ मध्ये तेथील अणुऊर्जा आयोगाच्या पाठबळावर वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे प्लुटोनियमची राष्ट्रीय नोंदणी, म्हणजे अशा कामगारांची नोंद ठेवून मृत्यूनंतर त्यांच्या अवयवांचा अभ्यास करणारा उपक्रम, सुरू झाली. १९७८ मध्ये युरेनियमसाठी वेगळी नोंदणी निघाली. पुढे दोन्ही एकत्र झाल्या आणि १९९२ पासून त्यांचे काम वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाकडे आहे. दात्यांपैकी बहुतेकांनी शवविच्छेदनाच्या वेळी काही अवयव आणि काही हाडे घेण्यास संमती दिली. संपूर्ण देह देणाऱ्यांची संख्या त्या मानाने थोडी आहे.

प्रयोगशाळेतील काम कमालीचे संथ असते. हाडाचा किंवा यकृताचा तुकडा वाळवून भट्टीत पांढरी राख होईपर्यंत जाळतात, राख आम्लात विरघळवतात आणि त्या द्रावणातून प्लुटोनियम रासायनिक पद्धतीने वेगळे काढतात. या खटाटोपात काही भाग वाया जाणारच, म्हणून सुरुवातीलाच प्लुटोनियम-२४२ हा दुसरा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा प्रकार) मोजून मिसळलेला असतो. शेवटी त्यातला किती हाती लागला यावरून मूळ प्लुटोनियमची गळतीही कळते. वेगळे काढलेले प्लुटोनियम धातूच्या छोट्या चकतीवर विद्युतप्रवाहाने बसवतात आणि ती चकती अल्फा मोजणाऱ्या यंत्रात कित्येक तास, कधी कधी कित्येक दिवस ठेवून एकेक कण मोजतात. एका संपूर्ण देहाचे शेकडो नमुने होतात, तेव्हा एका दात्याचा अभ्यास वर्षानुवर्षे चालतो यात नवल नाही.

यातून हाती आलेल्या गोष्टींपैकी दोन मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी, की लघवीवरून काढलेले जुने अंदाज पुष्कळ वेळा प्रत्यक्ष साठ्यापेक्षा बरेच जास्त निघाले. दुसरी गोष्ट फुप्फुसांची आहे. ऑक्टोबर १९६५ मध्ये कोलोरॅडोतील रॉकी फ्लॅट्स कारखान्यात आग लागली आणि कामगारांच्या श्वासातून प्लुटोनियम ऑक्साइडची बारीक धूळ आत गेली. उच्च तापमानात तयार झालेले हे कण जवळजवळ विरघळतच नाहीत. असे प्लुटोनियम अनेक दशके फुप्फुसांतच रेंगाळते आणि छातीतील लसिकाग्रंथींमध्ये फुप्फुसांपेक्षाही दाटीने साठते. रक्तात फारसे न उतरल्याने लघवीत त्याचा मागमूस कमी दिसतो, म्हणजे लघवी 'स्वच्छ' असलेल्या माणसाची फुप्फुसे तशी असतीलच असे नाही.

अमेरिसियम-२४१ या दुसऱ्या किरणोत्सारी धातूची गोष्ट निराळी आहे. त्यातून निघणारे गॅमा किरण बाहेरून मोजता येतात, पण ते मोजणारे यंत्र कशाशी ताडून पाहायचे, ही अडचण होतीच. ती अंगात अमेरिसियम गेलेल्या एका रसायनतज्ज्ञाच्या देहदानाने सोडवली. नोंदणीतील हे पहिले संपूर्ण देहदान होते, साल १९७९. त्यांच्या अर्ध्या सांगाड्याचे रासायनिक विश्लेषण झाले, आणि उरलेली अर्धी हाडे मानवी ऊतींसारख्या प्लॅस्टिकमध्ये बसवून त्यांची प्रतिकृती तयार करण्यात आली. हाडांत अमेरिसियम नेमके किती, हे माहीत असल्यामुळे यंत्रांचे आकडे तिच्याशी ताडून पाहता येऊ लागले.

प्रश्न : माणसांना नकळत प्लुटोनियम टोचण्यात आले होते, तसाच हा प्रकार नव्हे काय?

उत्तर : नाही, परंतु दोहोंचा संबंध आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. १९४५ ते १९४७ या काळात अमेरिकेतील रुग्णालयांत अठरा जणांना प्लुटोनियम टोचण्यात आले. समजून-उमजून दिलेली त्यांची संमती त्यासाठी घेतलेली नव्हती. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी शासनाच्या वतीने किरणोत्साराच्या अशा प्रयोगांबद्दल माफी मागितली. लॉस अलामोस येथील अण्वस्त्र प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ राइट लँगहॅम यांनी लघवीवरून साठा काढण्याचे जे सूत्र मांडले, ते मुख्यतः याच माणसांच्या मोजणीवर उभे होते. म्हणजे अन्यायातून आलेले ते सूत्र विज्ञान म्हणूनही लंगडेच होते, कारण त्यांतले बरेच जण गंभीर आजारी होते आणि आजारी शरीर प्लुटोनियम कसे हाताळते त्यावरून धडधाकट कामगाराचा हिशेब मांडणे धोक्याचेच होते.

नोंदणीतील दात्यांच्या अंगात प्लुटोनियम गेले ते कामावर असताना, अपघाताने किंवा रोज थोडे थोडे करून. अभ्यासासाठी कोणालाही काही दिले जात नाही. दाता हयात असतानाच लेखी संमती देतो आणि ती मागेही घेऊ शकतो. प्रकाशित निबंधांत त्याचा उल्लेख केवळ क्रमांकाने होतो.

प्रश्न : प्लुटोनियममुळे किती कामगारांना कर्करोग झाला, हे या अभ्यासातून सांगता येईल का?

उत्तर : सांगता येणार नाही. दाते स्वेच्छेने पुढे आलेले आहेत, मोजकेच आहेत आणि त्यांतले बरेचसे अंगात जास्त प्लुटोनियम गेले म्हणूनच निवडले गेले. अशा गटातील मृत्यूंची कारणे मोजून सर्व कामगारांविषयी निष्कर्ष काढणे चूक ठरेल. त्यासाठी हजारो कामगारांची वर्षानुवर्षांची पाहणी लागते आणि ती स्वतंत्रपणे होते. मात्र त्या पाहणीत प्रत्येकाच्या अवयवाला किरणोत्साराची किती मात्रा मिळाली हा आकडा लागतो, आणि तो ज्या प्रतिमानांवरून (गणिती आराखड्यांवरून) काढतात ती प्रतिमाने या दात्यांच्या मोजणीवर पारखलेली असतात.

एकट्यादुकट्या उदाहरणाचा मोह टाळणे किती कठीण आहे, हे हॅनफर्डमधील कामगार हॅरल्ड मॅक्लस्की यांच्यावरून दिसते. १९७६ मध्ये हॅनफर्ड येथील स्फोटात त्यांच्या चेहऱ्यावर आणि अंगात प्रचंड अमेरिसियम गेले. ते धुवून काढण्यासाठी त्यांना डीटीपीए हे औषध दीर्घकाळ देण्यात आले आणि ते आणखी अकरा वर्षे जगले. १९८७ मध्ये ते हृदयविकाराने गेले. कोणी यावरून अमेरिसियम निरुपद्रवी ठरवतो, तर कोणी औषधाला सारे श्रेय देतो, परंतु एका माणसावरून यांपैकी एकही गोष्ट सिद्ध होत नाही.