बँकेचं स्टेटमेंट हाती आलंय, पण तसंच कोर्टात लावू नका भाऊ

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बहिणीची खावटीची (पोटगीची) केस, मेव्हण्याची रावेरकडे केळी, कोर्टात सांगतो की महिन्याला बारा हजार सुटतात, आणि तुमचा चुलतभाऊ बँकेत नोकरीला असल्याने त्याने मेव्हण्याच्या खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, वरून बहिणीने मेव्हण्याच्या पासवर्डने त्याचं जीमेल उघडून इन्कम टॅक्स रिटर्नची पीडीएफ काढली. आता हे लावू का म्हणताय.

नका लावू, निदान असंच तर नकाच. मी वकील नाही, पण धुळ्याच्या कोर्टात वाटणीच्या दाव्यात नऊ वर्षं चपला झिजवल्यात आणि नेमकी हीच चूक करून बसलोय.

आमच्या शेजारचा पोरगा एका सहकारी बँकेत क्लार्क होता. त्याने काकांच्या खात्याच्या दोन पानांची झेरॉक्स दिली, त्यात एका तारखेला साडेचार लाख जमा, मी त्याला निळ्या पेनाने गोल केला आणि ठरवून टाकलं की हाच सामाईक जमिनीच्या कापसाचा पैसा. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने कापसाचं नावच काढलं नाही, एवढंच विचारलं, हे कागद तुम्हाला कोणी दिले? मी नुसता पाणी प्यायलो. पुढच्या महिन्यात त्या पोराला बँकेची नोटीस. नोकरी कशीबशी वाचली पण माझ्या पोरीच्या लग्नाला त्यांच्या घरचं कोणी आलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. आमच्या वकिलाने मग रीतसर अर्ज करून बँकेकडून सही-शिक्क्याचा उतारा मागवला, त्यात दिसलं की ते साडेचार लाख म्हणजे पीक कर्जाचं नवं-जुनं, एका हाताने भरले आणि दुसऱ्या हाताने काढले, कापसाचा एक रुपया नाही. कापसाचे पैसे दुसऱ्याच खात्यात होते, ते त्याच अर्जामुळे सापडले. म्हणून तुमच्याकडच्या स्टेटमेंटमधे मोठा आकडा दिसला तर आधी बघा की तो केळीच्या व्यापाऱ्याचा आरटीजीएस आहे का सोसायटीचं नवं-जुनं.

आता कायद्याचं, मला कळलं तेवढं. चोरून आणलेला कागद आपोआप बाद होतो असं आपल्याकडे नाही. मलकानी केसमधे 1972 ला आणि पूरनमल केसमधे 1973 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पुरावा मुद्द्याचा असला तर बेकायदा मिळाला एवढ्यावरून तो नाकारता येत नाही, आणि फॅमिली कोर्टाला तर फॅमिली कोर्ट कायद्याच्या कलम 14 ने अजून मोकळीक आहे. जुलै 2025 मधे नवरा-बायकोचं लपून केलेलं फोन रेकॉर्डिंगही चालतं असा निकाल आला, तेव्हापासून गावात जो तो सांगतोय की आता सगळं चालतं. पण कोर्टाने कागद घेणं वेगळं आणि कागद आणणारा सुटणं वेगळं. दुसऱ्याच्या मेलमधे शिरणं आयटी कायद्याच्या 43 आणि 66 खाली येऊ शकतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, म्हणजे खावटी मागायला गेलेली बहीण उद्या आरोपी म्हणून उभी राहील आणि मेव्हणा म्हणेल, तू केस मागे घे मी पण घेतो. त्याला असलंच काहीतरी हवं असतं.

दुसरी अडचण साधी आहे. 1 जुलै 2024 पासून जो नवा साक्ष कायदा लागू आहे त्याच्या कलम 63 खाली कॉम्प्युटरच्या कागदासोबत सर्टिफिकेट लागतं, बँकेच्या उताऱ्याला 1891 च्या बँकर्स बुक्स कायद्याप्रमाणे बँकेचा दाखला लागतो. तुमचा चुलतभाऊ त्यावर सही करणार आहे का? मग त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोला किंमत काय राहिली!

सरळ रस्ता यापेक्षा सोपा आहे भो. रजनेश विरुद्ध नेहा या सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर 2020 च्या निकालापासून खावटीच्या केसमधे दोघांनाही संपत्ती आणि देण्याचं शपथपत्र द्यावं लागतं, शेतीवाल्यांचा नमुना वेगळा आहे, त्यात जमीन किती, पीक कोणतं, कर्ज किती सगळं येतं, आणि उत्तर द्यायला जास्तीत जास्त चार आठवडे. मेव्हण्याने दिलंय का ते आधी बघा, बऱ्याच ठिकाणी वकीलच विसरतात. त्यात खोटं लिहिलं तर खोट्या शपथपत्राची कारवाई मागता येते. रिटर्नवर तर फार जीव टाकू नका, शेतीचं उत्पन्न करमुक्त, बारा हजारवाला माणूस तिथेही बारा हजारच दाखवेल. त्यापेक्षा सातबारा आणि आठ-अ काढा, केळीचा पेरा नोंदलेला असतो, काही खरेदी केली असेल तर इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदीचा उतारा) निघतो, आणि ज्या व्यापाऱ्याकडे माल जातो त्याचं नाव तर अख्ख्या गावाला माहीत असतं. खाते नंबर बहिणीकडे लग्नानंतरच्या एखाद्या जुन्या चेकवर किंवा पासबुकवर असेलच. एवढ्यावर वकिलाला सांगा की बँकेचा उतारा आणि व्यापाऱ्याच्या हिशोबपट्ट्या कोर्टामार्फत मागवा, ‘अमुक बँक, अमुक शाखा, या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं नेमकं लिहून. मोघम अर्ज केला की साहेब नामंजूर करतात, दोनदा अनुभव आहे.

हाती आलेले कागद वकिलापासून लपवू नका, कुठून आले तेही खरं सांगा, पुढे काय करायचं ते तेच ठरवतील. डिलीट करत बसू नका आणि घरच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. बहिणीला त्या मेलमधून आजच बाहेर यायला सांगा. आणि चुलतभावाला फोन करून सांगा की परत त्या खात्यात डोकावू नको, कोणत्या आयडीने खातं कधी उघडलं ते बँकेच्या सिस्टीममधे राहतं, आमच्या शेजारच्या पोराला तसंच पकडलं होतं.