टाकी धुण्याच्या कामाला गिऱ्हाईक कुठून मिळतं

तुम्ही विचारलंय की धायरीत पाण्याच्या टाक्या धुण्याचं काम सुरू करून तीन महिने झाले, पेपरातून पाच हजार पत्रकं वाटली, फेसबुकवर जाहिरात दिली, तरी फोन येतात ते नुसते दर विचारणारे. आता पुढची जाहिरात कुठे द्यावी? मी पुण्यात चौदा वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या मते आणखी जाहिरात देऊच नका.

तुमचं पत्रक ज्यांच्या हातात पडलं त्यांतल्या बहुतेकांना टाकी धुवायचं ठरवताच येत नाही. फ्लॅटवाल्याची टाकी सोसायटीची असते. ठरवतो सेक्रेटरी, चेकवर सह्या असतात चेअरमन, खजिनदार अशा पदाधिकाऱ्यांच्या, आणि टाकीत गाळ साचलाय हे सगळ्यांत आधी कळतं ते वॉचमनला नाहीतर नेहमीच्या प्लंबरला. शंभर फ्लॅटच्या सोसायटीत तुमच्या कामाची माणसं एवढीच. घरापासून दोन-अडीच किलोमीटरमधल्या सोसायट्यांची वहीत यादी करा आणि संध्याकाळी सातनंतर एकेका सेक्रेटरीला प्रत्यक्ष भेटा. प्लंबरशी ओळख वाढवा. मी त्याला कमिशन देत नाही. माझ्याकडे येणारी नळाची, व्हॉल्व्हची कामं त्याच्याकडे पाठवतो. हे नातं जास्त टिकतं.

भेटायची वेळही महत्त्वाची. गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्याआधी पावसाळ्यात धरणांचं पाणी गढूळ होतं, सभासद कुरकुरतात, आणि ही तक्रार सभेत निघणार हे सेक्रेटरीला पक्कं ठाऊक असतं. माझी निम्मी कामं ऑगस्ट-सप्टेंबरात ठरतात. आणखी एक. महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते ते बहुधा गुरुवारी, आणि शुक्रवारी ते उशिरा, कमी दाबाने येतं. त्या आठवड्यात बुधवार-गुरुवारी काम धरू नका, लोकांनी पाणी साठवलेलं असतं. वरची आणि खालची टाकी एकाच वेळी रिकामी करणार नाही, एवढं आपणहून सांगा. या माणसाला आपल्या अडचणी कळतात, अशी सेक्रेटरीची खात्री पटते आणि दराची घासाघीस कमी होते.

सोसायटी साधारण तीन कोटेशन मागवते. तुमचं सगळ्यांत स्वस्त नसेल तर ते नीट लिहिलेलं हवं: टाकीची क्षमता, गाळ काढायचा पंप, प्रेशर जेट, क्लोरीन, किती तास पाणी बंद राहील. खालच्या टाकीत माणूस उतरताना हवेसाठी ब्लोअर असेल आणि वर दुसरा माणूस उभा असेल, हेही लिहा, आणि तसंच वागा. बंद टाकीत माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. इथे पैसे वाचवणाऱ्याशी दरात स्पर्धा करू नका, ते काम गेलं तर जाऊ द्या.

काम झालं की पंपरूमच्या दारावर स्टिकर लावा: धुतल्याची तारीख, सहा महिन्यांनंतरची तारीख, तुमचा नंबर. आधीचे-नंतरचे फोटो सेक्रेटरीला पाठवा, तो ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकतोच. तिथूनच शेजारच्या सोसायटीचा फोन येतो. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचते, म्हणून काम संपताना समोरच नंबर सेव्ह करून घ्या.

गूगलवर व्यवसायाचं प्रोफाइल फुकट उघडता येतं. घरून काम करत असाल तर पत्ता न दाखवता फक्त सेवा देता ते भाग दाखवता येतात. रिव्ह्यू जरूर मागा, पण त्याच्या बदल्यात सवलत देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. छोट्या व्यवसायांची सरकारी उद्यम नोंदणीही फुकट असते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. झाडांवर, विजेच्या खांबांवर बोर्ड ठोकू नका, त्यावर कारवाई होते. लीड, म्हणजे गिऱ्हाइकांच्या चौकशा, विकणाऱ्या एका साइटला मी वर्षाचे पैसे भरले होते. एकच चौकशी पाच-सहा जणांना जायची आणि काम सगळ्यांत कमी दरवाल्याला. पुन्हा भरले नाहीत.

तुम्ही सिंहगड रस्त्याच्या भागात आहात म्हणून शेवटचं, आणि हे मला फार मनापासून सांगायचंय. जानेवारी २०२५ मध्ये तिथे जीबीएस (गुलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, पाण्यावर संशय होता. तेव्हा मला ओळखीच्यांनी सुचवलं की पत्रकावर आजाराचं नाव टाक, कामं धावत येतील. मी टाकलं नाही. मुख्य लाइनमधून येणारं पाणीच खराब असेल तर टाकी कितीही घासली तरी कुणाला आजारापासून वाचवल्याचं वचन देता येत नाही. सेक्रेटरीने विचारलं तर हेच सांगा, आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यायला सुचवा. एका सोसायटीला मी असंच सांगितलं होतं. तेव्हा माझं काम झालं नाही, पण त्यांनी नमुना तपासून घेतला, आणि पुढच्या वर्षी तिन्ही टाक्यांसाठी फोन केला तो मलाच.