सरपण कोणत्या रकान्यात?

प्रश्न : ताई, मी लातूरला एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भारत आणि जपान यांच्या ऊर्जावापराची तुलना हा माझ्या प्रबंधाचा विषय. भारताच्या एकाच वर्षाच्या एकूण ऊर्जेचे तीन ठिकाणी तीन आकडे सापडले. खरा कोणता धरू? कॉलेजच्या ग्रंथालयात या विषयावर गाइडांपलीकडे काही नाही.

उत्तर : तिन्ही खरे असू शकतात. बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते; आकड्यांचे तक्ते झेरॉक्स करून नेणारी आणि मागची टिपांची पानं तिथेच सोडणारी मुलं दरवर्षी पाहिली. उत्तर त्या पानांत असतं.

आपल्याकडची चूलच घे. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या ताळेबंदात सरपण आणि गोवऱ्या धरलेल्या असतात. एनर्जी इन्स्टिट्यूटचा वार्षिक आढावा (2023पूर्वी तो बीपी ही तेल कंपनी काढत असे) बाजारातल्या इंधनांवर बेतलेला. जपानला याने फारसा फरक पडत नाही, भारताला खूप पडतो. शिवाय पॅरिसच्या तक्त्यात भारतापुढे 2019 लिहिलेलं असतं, तेव्हा तो काळ एप्रिल 2019 ते मार्च 2020 असतो.

जपानसाठी एक गोष्ट नीट समजून घे. अणुवीज मोजताना पॅरिसची संस्था 33 टक्के कार्यक्षमता गृहीत धरते, म्हणजे एक युनिट विजेमागे तीन युनिट ऊर्जा लिहिते. जलविद्युत मात्र एकास एक. 2011च्या फुकुशिमा अपघातानंतर तिथल्या अणुभट्ट्या बंद होत गेल्या आणि ती वीज बरीचशी गॅसवर तयार झाली. गॅसवरचं चांगलं केंद्र त्याच युनिटसाठी तिनापेक्षा कमी ऊर्जा खातं. त्यामुळे एकूण पुरवठ्यात दिसणारी घट सगळी काटकसरीची नाही, काही मोजणीची आहे. हे तुझ्या प्रबंधात यायलाच हवं, अगदी स्वतंत्र परिच्छेद करून.

आता कुठे शोधायचं. पॅरिसची सविस्तर आकडेवारी विकत घ्यावी लागते, पण निवडक तक्ते फुकट मिळतात. धोरणासाठी त्यांचेच दोन अहवाल उतरवून घे : भारतावरचा 2020चा आणि जपानवरचा 2021चा. आपल्या सांख्यिकी मंत्रालयाचं ‘एनर्जी स्टॅटिस्टिक्स इंडिया’ दरवर्षी निघतं, तेही मोफत. पेट्रोलियमचे आकडे पीपीएसी या केंद्र सरकारच्या पेट्रोलियम नियोजन कक्षाच्या संकेतस्थळावर. भारतातल्या वीजधोरणावर पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाचे अहवाल मी स्वतः आवडीने वाचते.

जुनी वर्षं लागली तर पुण्याला जाच. गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय संयुक्त राष्ट्रांच्या प्रकाशनांचं ठेव ग्रंथालय आहे, म्हणजे ती प्रकाशनं तिथे जमा होत आलेली आहेत. संयुक्त राष्ट्रांची ऊर्जा आकडेवारी 1950पासूनची आहे. कोणत्याही ग्रंथालयात ड्यूई वर्गीकरण (विषयाला क्रमांक देऊन पुस्तकं लावायची पद्धत) असेल तर 333.79चं, म्हणजे ऊर्जेच्या अर्थकारणाचं कपाट आधी बघ, मग 338.2चं, खनिज उद्योगांचं; नुसतं ‘ऊर्जा’ म्हणून विचारलंस तर तुला अभियांत्रिकीच्या कपाटाकडे पाठवतील.

एकूण ऊर्जेच्या तुलनेसाठी एकच स्रोत धर आणि दोन्ही देशांना तोच लाव. निघण्याआधी ग्रंथालयाला फोन करून वेळ विचार. कॉलेजचं ओळखपत्र आणि मार्गदर्शकांचं पत्र जवळ ठेव. आणि झेरॉक्स काढशील तेव्हा टिपांची पानं पहिल्यांदा काढ.