मांत्रिकाची ताकद येते कुठून?

प्रश्न : अद्‌भुतरम्य कादंबरी लिहितो आहे. नायक मांत्रिक आहे, गोकाकच्या धबधब्यातून शक्ती खेचतो. मंत्र म्हटला की हवं ते होतं. ‘मग हा हरणार कसा?’ असं मित्र विचारतात. काय करावं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : मित्रांचं म्हणणं रास्त आहे. शक्ती येते कुठून, साठते किती आणि सुटते किती वेगाने, हे आधी वहीत मांडा. बहुतेक जण साठा ठरवतात नि वेग विसरतात.

आकडे बघा. २५ अंशांचं एक लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे ३१५ किलोज्यूल ऊर्जा लागते. गोकाकला पाणी जवळपास ५२ मीटर खाली पडतं. म्हणजे हजार लिटर कोसळले तर हाती येतात ५१० किलोज्यूल. त्यात उकळणार जेमतेम दीड लिटर! शिवाय हा धबधबा ज्या नदीचा, त्या घटप्रभेची धार उन्हाळ्यात बारीक होते. शत्रूला अक्कल असेल तर तो वैशाखातच चाल करून येईल.

मंत्र म्हणजे नळाची चावी. पाणी काही ती तयार करत नाही. उच्चार चुकला तर ‘मंत्र फसला’ म्हणून मोकळे होऊ नका, खेचलेली शक्ती गेली कुठे ते दाखवा. आमच्या मते ती अंगात मुरावी. निम्मी कामाला, निम्मी अंगात असं धरलं, तर एक लिटर उकळताना ६० किलोच्या माणसाचं अंग सुमारे दीड अंशाने तापतं : ३७ वरून ३८.५. लागोपाठ तीन लिटर केले की ४१ च्या वर, म्हणजे उष्माघातच. १०० मिलिलिटर घाम वाळला तर साधारण २४० किलोज्यूल उष्णता निघून जाते खरी. पण धबधबा भरून वाहतो त्या आषाढात हवा इतकी दमट की घाम वाळतोय कुठला? उन्हाळ्यात शक्ती नाही, पावसाळ्यात ती झेपत नाही. नायक हरायला एवढं पुष्कळ झालं.

प्रश्न : शक्ती ताईतात साठवली तर?
– तेच वाचक

उत्तर : साठवा, पण हिशेब सोडू नका. दहा लिटर उकळण्याइतकी शक्ती म्हणजे जवळपास पाऊण किलो टीएनटी हे स्फोटक. सावकाश सुटली तर चूल पेटेल, ताईत फुटला तर घर उडेल. तो किती दिवसांत आपोआप रिकामा होतो आणि कशाने तडकतो, एवढं ठरवा. मग तो गळ्यात बांधायचा की चोर्ल्याच्या घाटात पुरून ठेवायचा, हे तुमची पात्रंच ठरवतील.